कथा बुडाली, जहाज तरलं

विज्ञानपट पाहून आलेला प्रेक्षक ‘गोष्टीत दम नाही, पण दिसतो काय!’ असं म्हणाला, की आमच्या समीक्षकमंडळींच्या कपाळावर आठ्या पडतात. त्यांच्यातल्या एका गटाच्या मते गोष्ट फसली की सगळंच फसलं. दृश्यं म्हणजे नुसती रंगरंगोटी. दुसरा गट विज्ञानकथा वाचून मोठा झालेला. त्यांच्या लेखी हा प्रकार मूळचा छापील पानावरचा, पडद्यावर आला की बाटतो. या दोघांशीही माझं जुनं भांडण आहे. संपादकांनी पानं दिलीच आहेत, तर ते एकदा ऐसपैस भांडून घेतो.

सुरुवात ‘मेट्रोपोलिस’पासूनच करावी लागते. १९२७ साली तो आला तेव्हा खुद्द एच. जी. वेल्स यांनी त्याची यथेच्छ खिल्ली उडवली होती, आणि गोष्टीपुरते ते बरोबरच होते. शहराचा धनी आणि मजुरांचा मुकादम शेवटी हात मिळवतात आणि वर्गसंघर्ष मिटतो, हे पुढे दिग्दर्शक फ्रिट्झ लांगलाही पटेनासं झालं. पटकथा लिहिणाऱ्या थेआ फॉन हार्बू यांनी नंतर तेंडुलकर नावाच्या मराठी पत्रकाराशी लग्न केलं, म्हणून आपल्याला त्यांच्याबद्दल आपुलकी वाटते. पण पटकथेचा भाबडेपणा त्यामुळे माफ होत नाही. तरी चित्रपट टिकला. पाळी बदलताना मान खाली घालून एका ठेक्यात चालणारे मजूर, माणसं गिळणारं यंत्राचं तोंड, आणि ऑयगेन शुफ्तान यांनी आरसा लावून छोट्या प्रतिकृतींमध्ये बसवलेली खरी माणसं. मजुराचं यंत्र होणं म्हणजे काय, हे पटकथेला सांगता आलं नाही. ते त्या चालीने सांगितलं.

गंमत पुढेच आहे. १९३६ साली वेल्स यांनी स्वतः ‘थिंग्ज टू कम’ लिहिला. लांगने केलं त्याच्या नेमकं उलट करायचं, असा त्यांचा आग्रह होता. दिग्दर्शक विल्यम कॅमरन मेन्झिस हे मूळचे कलादिग्दर्शक. आज त्या चित्रपटातली भाषणं ऐकवत नाहीत, कारण पात्रं बोलतच नाहीत, व्याख्यानं देतात. लक्षात राहते ती नवं शहर उभारणाऱ्या प्रचंड यंत्रांची मालिका. लांगला हसणाऱ्याला तारलं तेही चित्रांनीच.

पन्नासच्या दशकातल्या उडत्या तबकड्या आणि अणुस्फोटाने फुगलेल्या मुंग्या मी भराभर ओलांडतो. ‘फॉरबिडन प्लॅनेट’ (१९५६) तेवढा बाजूला काढून ठेवा. ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’वर (१९६८) इतकं लिहून झालंय की माझी भर नको. तिथल्या प्रकाशाच्या बोगद्याचं तंत्र बसवणारा डग्लस ट्रंबुल तेव्हा पंचविशीच्या आसपासचा होता, एवढंच ध्यानात ठेवा. पुढची गोष्ट त्याची आहे.

माझं लाडकं वर्ष १९७९. त्या डिसेंबरात दोन आठवड्यांच्या अंतराने दोन फसलेले विज्ञानपट अमेरिकेत झळकले आणि त्या दोघांची वकिली मी आयुष्यभर करत आलो.

पहिला ‘स्टार ट्रेक : द मोशन पिक्चर’. प्रदर्शनाची तारीख आधीच पक्की झालेली, पहिल्या इफेक्ट्स कंपनीचं काम पसंत पडलेलं नाही, हातात वर्षही उरलेलं नाही, अशा अवस्थेत ट्रंबुल आणि जॉन डायक्स्ट्रा यांना पाचारण केलं गेलं. संकलनावर शेवटचा हात फिरवायलाही वेळ मिळाला नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. गूढ ढग पृथ्वीकडे येतो, यान त्यात शिरतं आणि मंडळी बराच वेळ पडद्याकडे टक लावून बघत बसतात.

पण त्यात गोदीतला एक प्रवेश आहे. नूतनीकरण झालेलं ‘एंटरप्राइज’ हे यान पाहायला त्याचा जुना कप्तान कर्क छोट्या यानातून निघतो. जवळजवळ पाच मिनिटं, संवाद नाहीतच म्हणा ना, नुसतं जेरी गोल्डस्मिथ यांचं संगीत. यानाची प्रतिकृती सुमारे आठ फुटांची. ट्रंबुलपुढे साधा प्रश्न होता: खोल अंतराळात जवळ सूर्य नसताना यानावर उजेड येणार कुठून? त्याने ठरवलं की यानानेच स्वतःला उजळायचं. म्हणून त्या पांढऱ्या कायेवर तिच्याच दिव्यांचे छोटे छोटे झोत पडतात आणि मधे काळोख राहतो. नाव आणि क्रमांक तेवढा उजेडात. कर्क आता खुर्चीला खिळलेला, वय वाढलेला अधिकारी आहे. या यानाशिवाय त्याला दुसरं काही नको आहे, हे त्या पाच मिनिटांत कळतं. उरलेल्या दोन तासांत कुठलाही संवाद त्याच्या इतक्या जवळ गेलेला नाही. याला रंगरंगोटी म्हणणाऱ्यांनी तो प्रवेश डोळे उघडे ठेवून पाहिला होता का, अशी मला शंका आहे.

दुसरा डिस्नेचा ‘द ब्लॅक होल’. संवाद बाळबोध, बटबटीत डोळ्यांचे यंत्रमानव, आणि शेवटी कृष्णविवरात थेट स्वर्ग-नरक! विज्ञानाच्या प्राध्यापकांनी डोक्याला हात लावावा असा मामला. पण पीटर एलेनशॉ यांनी कल्पिलेलं ‘सिग्नस’ हे जहाज पाहा. आधी ताऱ्यांवर नुसता एक काळा सांगाडा, मेलेला. मग अचानक आतून दिवे लागतात आणि लोखंडी जाळीचा काचमहाल झगमगतो. अंतराळयान म्हणजे गुळगुळीत, पांढरं, ही जुनी कल्पना. इथे मात्र एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वे स्थानकासारखं ऐसपैस बांधकाम. त्यात एकटा राज्य करणारा डॉ. राइनहार्ट किती भव्य आणि किती वेडा आहे, हे तो तोंड उघडण्याआधीच जहाजाने सांगून टाकलेलं असतं. त्या वर्षीचं दृश्य-परिणामांचं ऑस्कर ‘एलियन’ला गेलं. योग्यच झालं, पण हे दोन्ही चित्रपटही नामांकनात होते.

तर माझी कसोटी ही: गोष्टीत नसलेला विचार दृश्यात आहे का? असेल तर चित्रपट तरतो. नुसती झळाळी असेल तर नाही. ‘ज्युपिटर असेंडिंग’ (२०१५) डोळे दिपवतो आणि घरी पोहोचेपर्यंत विसरला जातो. ‘व्हॅलेरियन’च्या (२०१७) आरंभी अंतराळस्थानकावर आधी माणसं आणि मग परग्रहवासी एकमेकांशी हस्तांदोलन करत जातात, स्थानक वाढत जातं. शतकांचा इतिहास काही मिनिटांत! पुढे मात्र तसं काही येत नाही. एक प्रवेश सगळ्या चित्रपटाचा भार वाहू शकत नाही.

आता सगळं संगणकावर होतं म्हणून मी गळा काढत नाही. ‘ट्रॉन’ने (१९८२) संगणकाच्या मदतीनेच नवी दुनिया दाखवली होती. माझी तक्रार वेगळी आहे. पूर्वी चौकटीत काय दिसणार हे चित्रीकरणाआधी कुणीतरी ठरवत असे. आता हिरव्या पडद्यापुढे उरकायचं आणि निर्णय पुढे ढकलायचे, ते थेट प्रदर्शनाच्या तोंडावर. हजारो शॉट डझनभर कंपन्यांत वाटले जातात आणि सगळे चित्रपट एकाच कारखान्यातून निघाल्यासारखे दिसतात.

या कारखान्यात आपली मुलंही राबतात. ‘ड्यून’ला (२०२१) इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं त्यातली मुख्य कंपनी डीएनईजी ही मुंबईच्या प्राइम फोकसच्या मालकीची. आधी विचार, मग चित्र हा क्रम अजूनही पाळता येतो, याचा तो चित्रपट पुरावा आहे. आमच्या परीक्षणांत मात्र चार परिच्छेद कथानक आणि शेवटी ‘तांत्रिक बाजू उत्तम’ ही एक ओळ. कुणी बांधलं, कुणी उजळलं, का उजळलं, याचा पत्ता नाही.

फसलेली गोष्ट सुंदर दृश्याने दुरुस्त होत नाही, हे मला मान्य आहे. पण चित्रपट म्हणजे केवळ गोष्ट नव्हे. परीक्षण लिहिणाऱ्या तरुण मित्रांनो, पुढच्या वेळी ती शेवटची ओळ पहिल्या परिच्छेदात आणा, आणि ‘उत्तम’ म्हणून थांबू नका. का उत्तम, ते लिहा.