वसतिगृहाचं सांडपाणी शेताला द्यायचं, तर काय तपासायला हवं?

सिव्हिल किंवा पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला 'सांडपाण्यावर प्रक्रिया करून सिंचन' हा विषय अनेक गट घेतात. खडी, वाळू आणि कर्दळ घालून छोटी टाकी तयार होते. एका बाजूने काळपट पाणी आत जातं, दुसऱ्या बाजूने नितळ पाणी बाहेर येतं. सादरीकरणात दोन्ही पाण्याच्या बाटल्या शेजारीशेजारी ठेवल्या जातात आणि फरक सगळ्यांना दिसतो. पण नितळ दिसणारं पाणी शेताला चालेलच असं नाही. काय तपासल्यावर ते ठरतं?

पाणी मिळतं किती?

शहरी पाणीपुरवठ्याच्या नियोजनात माणशी रोज 135 लीटर पाणी धरतात आणि त्यातलं साधारण 80 टक्के सांडपाणी होतं असं मानतात. म्हणजे 200 विद्यार्थ्यांच्या वसतिगृहातून रोज सुमारे 21,600 लीटर सांडपाणी निघतं. पिकाला दिवसाला 5 मिलिमीटर पाणी लागतं असं धरलं, तर एका एकराला रोज सुमारे 20,000 लीटर पाणी हवं. थोडक्यात, एका मध्यम वसतिगृहाच्या सांडपाण्यावर उन्हाळ्यात जवळपास एक एकर शेत भिजू शकतं. म्हणूनच हा प्रकल्प गांभीर्याने करण्यासारखा आहे.

टाकीत काय घडतं?

आधी सांडपाणी एका टाकीत थांबवून जड गाळ खाली बसू दिला जातो. मग ते खडीच्या थरातून सावकाश वाहतं. खडीवर आणि मुळांवर जीवाणूंचा चिकट थर वाढतो. हे जीवाणू पाण्यातले सेंद्रिय पदार्थ खातात. मुख्य काम त्यांचं; झाडांची मुळं त्यांना आधार देतात, थोडा प्राणवायू पोहोचवतात. नागपूरच्या 'नीरी' संस्थेने विकसित केलेलं 'फायटोरिड' तंत्र याच प्रकारचं आहे. यात वीज कमी लागते, देखभाल सोपी असते. या टप्प्यानंतर पाण्याचा वास जातो, गढूळपणा कमी होतो आणि 'बीओडी' म्हणजे जीवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची गरज बरीच खाली येते. बहुतेक अहवाल इथेच थांबतात.

99 टक्के का पुरत नाहीत?

कच्च्या मैलापाण्यात दर 100 मिलिलीटरमागे विष्ठेतले एक कोटी कोलिफॉर्म जीवाणू सहज असू शकतात. टाकीने त्यातले 99 टक्के काढले, तरी एक लाख उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 1989 साली कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांसाठी 1,000 ही मर्यादा सुचवली होती. उरलेले जीवाणू तिच्या शंभर पट आहेत. तिथे पोहोचायला 99.99 टक्के जीवाणू जायला हवेत. त्यामुळे अहवालात टक्केवारीबरोबर उरलेला आकडाही द्यावा लागतो.

जंतांच्या अंड्यांसाठी त्याच सूचनांमध्ये लीटरमागे एक अंडं ही मर्यादा होती. क्लोरिनने बरेचसे जीवाणू मरतात, पण ही अंडी टिकून राहतात. ती गाळात बसवून किंवा गाळून काढावी लागतात. अनवाणी किंवा हातमोज्यांशिवाय काम करणाऱ्या शेतमजुराला सगळ्यात आधी धोका असतो तो यांचाच.

2006 च्या सुधारित सूचनांमध्ये संघटनेने वेगळी वाट घेतली: सगळा भार प्रक्रियेवर न टाकता अनेक अडथळे उभे करायचे. तुषारऐवजी ठिबक वापरायचं, काढणीच्या काही दिवस आधी हे पाणी बंद करायचं, कोथिंबीर-मुळ्याऐवजी कापूस, चारा किंवा शिजवून खायचं पीक घ्यायचं. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात पीक आणि सिंचनाची पद्धत हा शेवटचा परिच्छेद न ठेवता आराखड्याची सुरुवात तिथून करावी.

न दिसणारं मीठ

कपडे धुण्याची पावडर आणि स्वयंपाकघरातलं मीठ यांतून सांडपाण्यात सोडियम येतो. खडी आणि कर्दळ विरघळलेले क्षार काढत नाहीत. उलट कडक उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडून जातं आणि बाहेर येणारं पाणी आत गेलेल्यापेक्षा जास्त खारट असू शकतं.

सिंचनाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'ई' वर्गात विद्युत वाहकता जास्तीत जास्त 2,250 मायक्रोम्हो प्रति सेंटिमीटर, सोडियमचं गुणोत्तर (एसएआर) 26 आणि बोरॉन लीटरमागे 2 मिलिग्रॅम अशा मर्यादा आहेत. या वरच्या मर्यादा आहेत. काळ्या चिकण मातीत सोडियम वाढला की मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि पाणी मुरेनासं होतं. त्यामुळे तिथे बऱ्याच कमी गुणोत्तरालाही त्रास सुरू होऊ शकतो. कांदा आणि घेवडा खारं पाणी सहन करत नाहीत, कापूस बराच सहन करतो. एका हंगामात फरक दिसेलच असं नाही. बिघडलेली जमीन सुधारायला मात्र वर्षं लागतात.

खताचा हिशेब

प्रक्रियेनंतर पाण्यात लीटरमागे 30 मिलिग्रॅम नायट्रोजन उरला आहे असं धरू. रोज 20,000 लीटर दिलं तर 600 ग्रॅम आणि 100 दिवसांत 60 किलो नायट्रोजन शेतात जातो. युरियाच्या 45 किलोच्या जवळपास तीन गोण्यांइतका हा साठा आहे. तो खतातून वजा केला तर पैसे वाचतात. नाही केला तर पीक नुसतं पाल्याने माजतं आणि जादा नायट्रेट विहिरीच्या पाण्यात उतरतं.

मोठ्या प्रमाणावर काय दिसतं?

बेंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी 2018 पासून दुष्काळी कोलार जिल्ह्यातल्या तलावांत सोडलं जातं. ते थेट शेतात न देता जमिनीत मुरू दिलं जातं आणि मग शेतकरी विहिरी-बोअरमधून उपसतात. तिथेही वाद झाला तो याच मुद्द्यावर: दुसऱ्या टप्प्यापर्यंतची प्रक्रिया पुरेशी आहे, की तिसरा टप्पाही हवा?

वसतिगृहाच्या टाकीलाही हाच प्रश्न लागू आहे. कोलिफॉर्म, जंतांची अंडी, विद्युत वाहकता, सोडियमचं गुणोत्तर आणि नायट्रोजन हे पाच आकडे, ते पाणी कोणत्या पिकाला, कोणत्या मातीत आणि कशा पद्धतीने द्यायचं याच्यासोबत मांडले, तर शेतकऱ्याला त्या अहवालावरून निर्णय घेता येतो. प्रयोगशाळेची रसायनं या पाण्यात मिसळणार नाहीत, याची खात्री त्याआधी करावी लागते.