७५५ : हँक ॲरन यांचे स्मरण

बेसबॉलमध्ये फलंदाजाने टोलविलेला चेंडू थेट कुंपणापलीकडे जाऊन पडला की त्यास ‘होम रन’ म्हणतात. आपल्या क्रिकेटमधील षटकारासारखाच हा प्रकार, मात्र षटकाराहून पुष्कळ दुर्मीळ. दीडशेहून अधिक सामन्यांच्या एका हंगामात तीस होम रन झाले तरी त्या खेळाडूची वाहवा होते. बेब रूथ १९३५ मध्ये निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या नावे ७१४ होम रन जमा होते, आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे हा आकडा अमेरिकेत अढळ मानला गेला. तो ओलांडणारे हेन्री ऊर्फ हँक ॲरन २२ जानेवारी २०२१ रोजी, वयाच्या ८६ व्या वर्षी, अटलांटा येथे निवर्तले.

त्यांचा जन्म ५ फेब्रुवारी १९३४ चा, अलाबामा राज्यातील मोबील या बंदराच्या गावी. कुटुंब गरीब आणि कृष्णवर्णीय. खरी बॅट आणि खरा चेंडू परवडण्यासारखे नव्हते. बाटल्यांची झाकणे उडवायची आणि ती काठीने टोलवायची, हाच सराव. शिकविणारे कोणी नसल्याने उजव्या हाताचा हा मुलगा बॅट धरताना डावा हात वर ठेवी. अशा उलट्या पकडीनेही चेंडू दूर जात असे, हे नवल.

१९५२ साली, अठराव्या वर्षी, ते कृष्णवर्णीयांच्या स्वतंत्र साखळीतील ‘इंडियानापोलिस क्लाऊन्स’ या संघात गेले. त्या काळातील वॉशिंग्टन येथील एक प्रसंग ते अखेरपर्यंत सांगत. संघाने एका उपाहारगृहात न्याहारी केली. खाणे आटोपताच आतल्या स्वयंपाकघरातून बशा फुटल्याचे आवाज येऊ लागले. कृष्णवर्णीयांनी ज्या बशांत खाल्ले त्या धुऊन पुन्हा वापरणे मालकास नको होते. कुत्री त्यात जेवली असती तर बशा निदान धुतल्या तरी गेल्या असत्या, असे ॲरन म्हणत. हा विटाळ आपल्या देशालाही अनोळखी नाही. वाचकांस तो समजावून सांगण्याची गरज नसावी.

१९५४ मध्ये ते मिलवॉकी ब्रेव्हज संघातून मुख्य साखळीत उतरले, आणि १९५७ मध्ये त्यांच्या संघाने अजिंक्यपद मिळविले. त्यांच्या खेळात दिखाऊपणा नव्हता, आणि म्हणूनच बराच काळ वर्तमानपत्रांचे लक्ष इतरांकडे राहिले. एका हंगामात पन्नास होम रन त्यांना कधीच साधले नाहीत. त्यांचा उच्चांक ४७ चा. परंतु वर्षामागून वर्षे तीस, चाळीस अशी भर पडत गेली. ज्यांच्या घरी पिढीजात पेढी आहे, त्यांना ही वाढ कशी होते हे ठाऊक असते. एखाद्या तेजीत हात धुऊन घेणारे पुष्कळ असतात. तेवीस हंगाम रोज दुकान उघडणारे थोडे.

१९७३ चा हंगाम संपला तेव्हा त्यांची संख्या ७१३ झाली होती. रूथ यांच्या बरोबरीला एक कमी! संपूर्ण हिवाळा आता वाट पाहण्यात जायचा होता. त्या एका वर्षात त्यांच्याकडे सुमारे ९,३०,००० पत्रे आली. अनेक पत्रांत प्रेम होते, लहान मुलांचे कौतुक होते. पण एका कृष्णवर्णीयाने रूथ यांचा विक्रम मोडावा हे सहन न होणाऱ्यांचीही संख्या मोठी होती. शिव्या, जिवे मारण्याच्या धमक्या, महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलीच्या अपहरणाच्या धमक्या. अंगरक्षक ठेवावा लागला. अटलांटातील एका वर्तमानपत्राच्या क्रीडा संपादकाने तर त्यांचा मृत्युलेख आधीच तयार करून ठेवला होता. ॲरन मात्र खेळत राहिले.

नवा हंगाम सुरू होताच, ४ एप्रिल १९७४ रोजी, सिनसिनाटी येथे पहिल्याच फटक्यात ७१४ झाले. ८ एप्रिलच्या रात्री अटलांटात, ५३,७७५ प्रेक्षकांसमोर, चौथ्या डावात अल डाउनिंग यांचा चेंडू कुंपणापलीकडे गेला. मैदानात मिठ्या मारणाऱ्यांच्या गर्दीत त्यांची आई होती; तिने लेकाला जे कवटाळले ते सोडीना. ध्वनिक्षेपकासमोर त्यांनी, हे एकदाचे संपले म्हणून देवाचे आभार मानले. आयुष्यातील सर्वोच्च क्षणी माणसाच्या तोंडून आनंदाऐवजी सुटकेचा शब्द यावा, यातच त्या वर्षाचा हिशेब आला.

१९७६ मध्ये ते निवृत्त झाले तेव्हा होम रनची बेरीज ७५५ होती. एकूण यशस्वी फटके ३,७७१. त्यातून सारे होम रन वजा केले तरी ३,०१६ उरतात, आणि तीन हजार हा आकडाच या खेळात थोर मानला जातो. पुढे ब्रेव्हज संघाच्या व्यवस्थापनात त्यांनी अनेक वर्षे काम केले. १९९९ मध्ये अटलांटाजवळ बीएमडब्ल्यू मोटारींचे शोरूम उघडून ते व्यापारातही स्थिरावले. पत्नी बिली यांच्यासह स्थापन केलेल्या प्रतिष्ठानामार्फत त्यांनी होतकरू मुलांना आपापल्या आवडीचे शिक्षण घेण्यासाठी साहाय्य दिले. किती मुलांना द्यायचे, याचे उद्दिष्टही ७५५ च ठरविले होते.

ती द्वेषाची पत्रे मात्र त्यांनी फेकली नाहीत. जे घडले ते विसरले जाऊ नये म्हणून घरी जपून ठेवली. काहींना हे खटकले. एवढे मोठे यश मिळाल्यावर जुने उगाळावे कशाला, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. येणे असो वा देणे, नोंद खोडून वही स्वच्छ होत नाही, आणि ॲरन यांनी नोंद ठेवली तरी वसुली कधी केली नाही.

७ ऑगस्ट २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे बॅरी बाँड्स यांनी ७५६ वा होम रन मारला. बाँड्स यांच्यावर उत्तेजक द्रव्यांच्या सेवनाच्या संशयाचे सावट होते, आणि ॲरन काय बोलतात याकडे सर्वांचे लक्ष लागले होते. ते स्वतः तेथे गेले नव्हते. परंतु मैदानातील मोठ्या पडद्यावर त्यांचा चेहरा उमटला आणि शांत स्वरात त्यांनी बाँड्स यांचे अभिनंदन केले.

५ जानेवारी २०२१ रोजी अटलांटातील मोरहाऊस वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी कॅमेऱ्यांसमोर कोरोनाची लस टोचून घेतली. लशीविषयी साशंक असलेल्या आपल्या समाजाने पुढे यावे, हा त्यामागील हेतू. त्यानंतर सतरा दिवसांनी झोपेतच त्यांचे निधन झाले. मृत्यू नैसर्गिक असल्याचे आणि लशीशी त्याचा संबंध नसल्याचे वैद्यकीय अधिकाऱ्यांनी स्पष्ट केले.