दिवेलागणीची सवय

काल गणपती गेले. दहा दिवस आमच्या सोसायटीच्या मांडवात सकाळ-संध्याकाळ आरत्या झाल्या आणि यंदाही तेच दृश्य दिसलं. कॉलेजात जाणारी पोरं मोबाइलवर आरतीसंग्रह उघडूनही तिसऱ्या आरतीला अडखळत होती. शेजारी उभ्या असलेल्या, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या मावशी मात्र डोळे मिटून थेट मंत्रपुष्पांजलीपर्यंत सगळं म्हणत होत्या. मावशी लहानपणी शाळेत एक दिवसही गेलेल्या नाहीत. संस्कृत सोडाच, गेल्या वर्षापर्यंत त्यांना मराठी अक्षरओळखही नव्हती.

मग त्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता योजनेच्या वर्गात बसल्या, यंदा मार्चमध्ये परीक्षा दिली आणि पास झाल्या. प्रमाणपत्र लॅमिनेट करून देव्हाऱ्याशेजारी लावलंय. जुलैअखेरीस मी सहज वर्तमानपत्र त्यांच्यापुढे केलं. त्यांनी अर्धी ओळ लावली आणि अंक घडी करून परत दिला. “विसरायला झालं ताई. परीक्षा झाल्यापासून हातात कागदच आला नाही.”

आरत्या त्यांना कुणी बसवून शिकवल्या नव्हत्या, तरी त्या पन्नास वर्षं टिकल्या. अक्षर शिकवायला मात्र अख्खी योजना राबली आणि ते चार महिन्यांत पुसट झालं. 8 सप्टेंबरला जागतिक साक्षरता दिन असतो. युनेस्कोनं 2025 साठी ‘डिजिटल युगातील साक्षरता’ हा विषय दिला होता. भाषणं होतात, शपथा होतात, प्रभातफेऱ्या निघतात. त्या गर्दीत मला मावशींचा कागद महत्त्वाचा वाटतो.

परीक्षा संपते तिथे

आधी श्रेय देऊ. 30 मे 2025 रोजी, घटकराज्य दिनी, गोव्यानं 99.72 टक्के साक्षरतेसह ‘पूर्ण साक्षर’ झाल्याचं जाहीर केलं. त्याच महिन्यात मिझोराम आणि जूनमध्ये त्रिपुरानंही तशी घोषणा केली. लडाख 2024 मध्येच पुढे गेलं होतं. 95 टक्क्यांचा टप्पा ओलांडला की राज्य पूर्ण साक्षर, असा या योजनेचा निकष आहे. 2022 ते 2027 या काळासाठी 1037.90 कोटी रुपयांची तरतूद आणि 5 कोटी प्रौढांचं उद्दिष्ट असलेली ही योजना मुख्यतः स्वयंसेवकांच्या जिवावर चालते, मानधनाशिवाय. पन्नाशी-साठीतल्या बाया नातवंडांच्या बाकावर दाटीवाटीनं बसून 150 गुणांचा पेपर सोडवतात: वाचन 50, लेखन 50, संख्याज्ञान 50. हे पाहून गलबलून येतं आणि ते खोटं नाही.

पण महाराष्ट्रानं हा सिनेमा आधी पाहिलेला आहे. 1959 मध्ये सातारा जिल्ह्यात ग्राम शिक्षण मोहीम सुरू झाली. अवघ्या चार महिन्यांत प्रौढांना लिहायला-वाचायला शिकवायचं, अख्खं गाव साक्षर करायचं. गावांत चढाओढ लागली आणि मोहीम साताऱ्यातून राज्यभर पसरली. देशातल्या प्रौढशिक्षणाच्या इतिहासात तिचं नाव आदरानं घेतलं जातं आणि त्याच परिच्छेदात पुढे एक ओळ हमखास येते: पाठपुरावा न झाल्यानं शिकलेले अनेक जण पुन्हा निरक्षर झाले.

‘पुन्हा निरक्षर’ हा शब्दप्रयोग मला विलक्षण वाटतो. पोहायला शिकलेला माणूस पुन्हा ‘न पोहणारा’ होत नाही. चार महिन्यांत आलेलं वाचन मात्र इतकं मुरलेलं नसतं, ते वापराविना गळून जातं. ‘उल्लास’ आखणाऱ्यांना हे ठाऊक नाही असं मुळीच नाही. योजनेचे पाच घटक आहेत: पायाभूत साक्षरता, जीवनकौशल्यं, व्यावसायिक कौशल्यं, मूलभूत शिक्षण आणि निरंतर शिक्षण. बातम्या पहिल्या घटकाच्या येतात. पाचव्याबद्दल तुम्ही शेवटचं कधी वाचलं होतं?

एकवीस दिवसांची अफवा

आता हसू नका, पण या बाबतीत आपण सुशिक्षित मंडळी मावशींपेक्षा फार पुढे नाही. नव्या वर्षाला घेतलेली जर्मनची पुस्तकं, मे महिन्यातलं गिटार, टाळेबंदीत पैसे भरून अर्धवट सोडलेले ऑनलाइन कोर्स. आपण फक्त निरक्षर म्हणून मोजले जात नाही, एवढंच.

माझी गोष्ट मोडीची. आजोबांच्या ट्रंकेत जमिनीचे जुने कागद निघाले, तेव्हा मोडी शिकायचं मनावर घेतलं. वही आणली, तीन रंगांची पेनं आणली, फ्रिजवर 21 दिवसांचा तक्ता चिकटवला. नऊ दिवस बरोबरच्या खुणा पडल्या. दहाव्या दिवशी पाहुणे आले, चौकट रिकामी राहिली आणि त्या रिकाम्या चौकटीकडे पाहवेना म्हणून मी तक्ताच काढून टाकला.

हे 21 आले कुठून? मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या 1960 सालच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकातून. नाक बदललेल्या रुग्णाला आरशातल्या नव्या चेहऱ्याची ओळख पटायला ‘किमान’ 21 दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. पुढच्या साठ वर्षांत ‘किमान’ गळालं, नाक गळालं आणि व्याख्यात्यांच्या हाती उरली फक्त संख्या. आपल्याकडच्या व्यक्तिमत्त्व विकास शिबिरांनी तर ती मंत्रासारखी जपली.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न रीतसर तपासला. मला या संशोधनाचं विशेष प्रेम आहे, कारण ते अगदी घरगुती आहे. 96 जणांनी स्वतःसाठी एकेक साधी गोष्ट निवडली: जेवणाबरोबर एक फळ खायचं, ठरावीक वेळी पेलाभर पाणी प्यायचं, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं पळायचं. ती रोज एकाच निमित्तानं करायची आणि ‘हे न ठरवता आपोआप घडतंय का’ याची नोंद ठेवायची. असं 84 दिवस.

निष्कर्ष असा की गोष्ट अंगवळणी पडायला मध्यम हिशेबानं 66 दिवस लागतात. कुणाला 18 पुरतात, कुणाला 254 लागू शकतात. चाणाक्ष वाचक विचारेल, प्रयोग 84 दिवसांचा, मग 254 आले कुठून? ते गणितानं पुढे ओढलेल्या आलेखातून आले. शिवाय सगळ्यांचे आलेख त्या गणितात नीट बसलेही नाहीत. म्हणून आता ‘66 दिवसांचं आव्हान’ विकणाऱ्यांपासूनही चार हात लांब राहावं. पाणी पिण्यासारखी सोपी गोष्ट लवकर रुळते, व्यायामाला बराच जास्त काळ लागतो, हे मात्र त्यातून दिसलं.

माझ्या फ्रिजवरच्या तक्त्याचं उत्तरही याच संशोधनात होतं. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्यात फारसं बिघडत नाही. म्हणजे माझं मोडी पाहुण्यांनी बुडवलं नव्हतं. रिकाम्या चौकटीची लाज मला वाटली, तिनं बुडवलं.

आणि त्या प्रयोगाचा कणा होता निमित्त. ‘रोज पळेन’ असं कुणी म्हणालं नव्हतं, ‘जेवणाआधी पळेन’ असं म्हणाले होते. अमेरिकेत अ‍ॅन ग्रेबिएल यांनी चक्रव्यूहात धावणाऱ्या उंदरांच्या मेंदूचा अभ्यास केला, त्यातही असंच काहीसं दिसतं. वाट नवी असते तेव्हा मेंदूचा सवयींशी जोडलेला भाग धावण्याच्या सबंध वेळात कामाला लागलेला असतो. वाट पाठ झाली की तो मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटाला उजळतो. थोडक्यात, सवयीला उंबरठा लागतो.

परवचा

हा उंबरठा आपल्या घरांत होता. त्याचं नाव परवचा.

ज्यांची साठी उलटली आहे त्यांना सांगायला नको. दिवेलागण झाली, देवापुढे समई लागली, की हातपाय धुऊन मुलांनी बसायचं. श्लोक, वार, तिथी, महिने, नक्षत्रं आणि मग पाढे. नुसते बे ते तीस नव्हे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. साडेतीनच्या पाढ्याला स्वतंत्र नाव असलेली आपली भाषा.

आता त्याचे सुटे भाग पाहा. वेळ ठरलेली, तीही घड्याळाची नव्हे तर दिवा लागण्याची, त्यामुळे चुकणं अशक्य. जागा ठरलेली. सोबत भावंडं. रोज थोडं. आणि पुस्तक न उघडता, आठवून म्हणायचं. शेवटचा भाग सर्वांत मोलाचा. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून विस्मरणाचा आलेख मांडला. पाठ केलेलं पहिल्या दिवसातच झपाट्यानं निसटतं आणि मग निसटण्याचा वेग मंदावतो, असं त्याला दिसलं. 2006 मध्ये मानसशास्त्रज्ञ रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एकानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवून लिहिणाऱ्यांनी त्यांना चांगलंच मागे टाकलं. परीक्षेच्या आदल्या रात्री पिवळ्या पेनानं ओळी रंगवणाऱ्या समस्त विद्यार्थिवर्गानं याची नोंद घ्यावी.

परवच्याचं गुणगान गाताना मला एका गोष्टीचा विसर पडू द्यायचा नाही. तो मूठभर घरांतला, आणि त्यातही मुलग्यांचा, वारसा होता. मुली त्या वेळी चुलीपाशी असत. गावकुसाबाहेर तर अक्षराला बंदीच होती. सावित्रीबाई शाळेकडे निघाल्या की त्यांच्यावर शेण का फेकलं जाई, हे विसरून ‘आपल्या पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ म्हणणं लबाडीचं आहे. शिवाय त्यात अर्थ समजावून सांगण्याची पद्धत कमीच होती. औटकी घडाघडा म्हणणारा मुलगा बाजारात साडेतीन शेर तांदळाला गडबडे.

तरी त्याचा सांगाडा घेण्याजोगा आहे आणि तो आपल्या भाषेतही शाबूत आहे. हिंदीत ‘अभ्यास’ म्हणजे सराव. मराठीत ‘अभ्यास’ म्हणजे शिकणं. आई मुलाला विचारते, “अभ्यास झाला का?” पतंजलींनी अभ्यास दृढ व्हायला तीन अटी घातल्या: दीर्घ काळ, खंड न पाडता, मनापासून. मराठीनं शिकण्याला सरावाचंच नाव दिलं आणि आपण मात्र अभ्यास म्हणजे क्लास, फी आणि प्रमाणपत्र असं धरून बसलो.

आज्या दुपारी का येतात

ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातलं फांगणे हे लहानसं गाव. तिथे जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी ओलांडलेल्या विद्यार्थिनी, गणवेश गुलाबी नऊवारी, पाठीला दप्तर, हातात पाटी. छायाचित्रं जगभर गेली आणि ‘किती गोड’ म्हणून सगळ्यांनी पुढे पाठवली.

मला त्या शाळेची वेळ साडीपेक्षा महत्त्वाची वाटते. वर्ग दुपारी भरतो, सकाळची कामं उरकल्यावर आणि संध्याकाळचा स्वयंपाक सुरू व्हायच्या आधी. बाईच्या दिवसात जी फट आहे, तिथेच शाळा बसवली. गणवेशाचंही तेच. साडी नेसली की शाळेत जायचं. दिवा लागला की परवचा म्हणायचा, तसंच हे.

मोडीचं मी पुढे काय केलं ते सांगून टाकते. तक्ता गेला, पेनं गेली. आता सकाळी कुकर लावला की ओट्याशी उभं राहून जुन्या कागदातले दोन शब्द लावायचे, तिसऱ्या शिट्टीला थांबायचं. पहिली शिट्टी माझी दिवेलागण. आजोबांच्या एका कागदातला निम्मा मजकूर आता लागतो. उरलेला भात शिजण्याच्या वेगानं लागेल.

मावशींसाठीही ऑगस्टपासून तसंच ठरवलं. भांडी झाली की त्यांचा चहा असतो. कप हातात आला की पहिल्या पानावरचं एक शीर्षक मोठ्यानं वाचायचं. एकच. शिवाय बचत गटाच्या वहीत स्वतःचं नाव आणि हप्त्याचा आकडा दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्यायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच केला. गणपतीत काही दिवस खाडा झाला, पण मी तक्ता ठेवलेला नाही. पाच आठवड्यांत एका शीर्षकाची दोन झाली आहेत. बँकेचा मेसेज इंग्रजीत येतो, त्यातला आकडा तेवढा त्या वाचतात आणि “बाकीचं मराठीत का नाही पाठवत?” म्हणून विचारतात. डिजिटल साक्षरतेवर बोलणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

एवढ्यावरून मी सिद्धांत मांडत नाही. पण सरकारनं परीक्षेवर जेवढा जीव लावला, त्याच्या पावपट परीक्षेनंतरच्या वर्षावर लावला, तर साताऱ्याची पुनरावृत्ती टळेल असं माझं स्पष्ट मत आहे. मोठ्या टायपातलं चार पानी गावपत्र, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज एक बातमी, बचत गटाच्या बैठकीत दहा मिनिटं वाचन. यातलं काहीही महाग नाही.

आणि तुमच्यापैकी ज्यांनी ‘उल्लास’मध्ये कुणाला शिकवलंय, त्यांना एक विनंती. साक्षरता दिनाच्या कार्यक्रमाला जरूर जा. तिथून परतताना मार्चमध्ये पास झालेल्या तुमच्या विद्यार्थिनीच्या घरी डोकावा, हातात एखादा जुना अंक असू द्या. चहा घ्या आणि तिला एक ओळ वाचायला सांगा.