दोन सेकंद

जानेवारीतल्या एका पहाटे आमच्या जिन्याखाली झोपणाऱ्या लाली या कुत्रीचा पंजा हातात घेतला आणि मी दचकले. पोट उबदार, पंजे मात्र थंडगार. शेजारच्या आजी म्हणाल्या, "पाय गार पडले म्हणजे संपलंच की गं." माणसांच्या उशाशी बसून आलेली ती समज. मला ती खोटी म्हणवेना.

कल्याणला जनावरांच्या डॉक्टरांकडे मदतनीस असलेला एक तरुण कामावर जाण्याआधी आंबिवली स्टेशन ते मोहने एवढ्या पट्ट्यातली भटकी कुत्री बघत फिरतो. त्याला बोलावलं. त्याने पंजाला हातसुद्धा लावला नाही. लालीचा ओठ वर केला, हिरडीवर अंगठा दाबला आणि सोडला. पांढरा पडलेला ठिपका लगेच गुलाबी झाला. "दोन सेकंदांच्या आत रंग आला, ताई. पाय गार असू देत."

त्या अंगठ्यासाठी पुढचे पाच दिवस मी त्याच्या मागे फिरले.

2009 साली बंद पडलेल्या एनआरसी कारखान्याच्या भिंतीकडेला कुत्री अंगाचं मुटकुळं करून पडलेली असतात. तो जखमा धुतो, गोचिडी काढतो, गोळी पावात घालून देतो. मी पंजे चाचपत बसायची. तळव्याच्या गादीला लाह्यांसारखा वास येतो. अजून तो माझ्या बोटांना आहे असं वाटतं. त्या गादीत हृदयाकडून येणाऱ्या रक्तवाहिनीला परतीच्या बारीक शिरांचं जाळं लगटून असतं. जाणाऱ्या लोकलमधल्याने येणाऱ्या लोकलमधल्याच्या हाती गाठोडं द्यावं, तसं गरम रक्त आपली ऊब परत निघालेल्या गार रक्ताला देऊन टाकतं. पाय गार राहतो, पण गारठा काळजापर्यंत पोचत नाही. ही रचना टोकियोतले संशोधक निनोमिया यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. त्याआधी 1972 साली लांडगा आणि ध्रुवीय कोल्हा यांचे तळवे उणे 35 अंशांच्या द्रवात ठेवून पाहिले होते, तेव्हाही ते गोठले नव्हते. आमच्या आंबिवलीच्या थंडीची त्यापुढे काय कथा! गार पंजा म्हणजे शरीर आपली ऊब जपतंय, हे कळल्यावर मला लालीविषयी आदरच वाटला.

पण तेच लक्षण दुसऱ्या टोकालाही दिसतं. रक्त गेलं, पाणी आटलं, हृदय थकलं, की शरीर आधी पायांचं रक्त तोडतं. मग पंजावरून ओळखायचं कसं? "पंजावरून नाहीच. हिरडी बघा. हिरडी काळी असली तर खालची पापणी ओढून आतला रंग बघा. दोन सेकंद."

चौथ्या दिवशी मोहन्याच्या वाटेवर गोणपाटावर एक पिल्लू निपचित पडलेलं दिसलं. उलट्या-जुलाबांनी अंगातलं सगळं पाणी गेलेलं. कुणीतरी मायेने त्याच्याजवळ शेकोटी पेटवली होती. तरुणाने ती आधी लांब सारली. बधिर पडलेल्या कातडीला चटका कळत नाही आणि भाजतं. हिरडी फिक्की. अंगठा उचलला. एक, दोन, तीन... चारला कुठे रंग सरकला. थर्मामीटर 98 वर. कुत्र्याचं अंग 101 ते 102.5 फॅरनहाइट असायला हवं. मी थरथरत होते, तो नव्हता. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याने पोटाशी लावली, पंजांना नाही. आधी धड गरम झालं पाहिजे, म्हणाला. रिक्षात पिल्लू माझ्या मांडीवर होतं. चारही पंजे मुठीत धरून ठेवायचा मोह मला आवरेना. त्याने हलकेच माझा हात बाजूला केला आणि ओठ उचलला. शहाडपर्यंत त्याने तीनदा मोजलं.

दवाखान्यात रात्रभर कोमट सलाईन चाललं. सकाळी मी गेले तेव्हा पिल्लाने मान उचलून पाहिलं. पंजे गारच होते. "तुम्ही दाबा, ताई," तो म्हणाला. मी अंगठा ठेवला, सोडला, मोजायला तोंड उघडलं. एक म्हणून होतंय न होतंय तोच रंग आला.