जुनं पिस्तूल घेताना

श्रीपूरला आमची उसाची शेती, आणि वस्ती गावापासून लांब. पिस्तुलाचा परवाना हाती आला, पण नव्या पिस्तुलाची किंमत ऐकून मी गप्प बसलो. तेवढ्यात कळलं, की एका परिचितांना आपलं जुनं विलायती पिस्तूल विकायचंय. पंचवीस बोअरचं, तळहातात मावेल एवढं. पाहताक्षणी मन बसलं.

बोअर म्हणजे नळीच्या आतली रुंदी. पंचवीस म्हणजे इंचाचे पंचवीस शतांश, सव्वासहा मिलिमीटरच्या थोडं वर. चाप ओढला की गोळी सुटते, तिच्या धक्क्यानं पिस्तुलाचा वरचा भाग मागे सरकतो, टरफल बाहेर पडतं आणि स्प्रिंग पुढचं काडतूस चढवते. पुन्हा चाप ओढल्याशिवाय दुसरी गोळी सुटत नाही, म्हणून हे अर्धस्वयंचलित. लष्करी नऊ मिलिमीटरचं काडतूस बसेल असं पिस्तूल आपल्याकडे निषिद्ध वर्गात मोडतं. त्यामुळे परवानाधारकांकडे बहुतेक बत्तीस बोअरच दिसतं. त्याची पिस्तुलं आणि काडतुसं देशातच तयार होतात. पंचवीसची काडतुसं मागितली, तर दोन दुकानदारांनी नुसती मान हलवली. पिस्तूल स्वस्त का होतं, ते तिथं उमगलं!

परिचित म्हणाले, "दादा, आत्ता घेऊन जा, कागद मागनं करू." माणूस सरळ, पण हा सल्ला तुरुंगाची वाट दाखवणारा. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे विकणाऱ्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबायचं. घेणाऱ्याकडे परवाना हवाच. विनापरवाना शस्त्र बाळगलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षांची शिक्षा आहे. त्याच दुरुस्तीनं एका माणसाला जास्तीत जास्त दोनच शस्त्रं ठेवता येतात, पूर्वी तीन चालत.

आणखी एक सांगतो. त्यांनी मॅगझिन काढलं आणि "रिकामं आहे" म्हणून पिस्तूल माझ्या हाती दिलं. नळी भिंतीकडे धरून मी वरचा भाग मागे ओढला, तर सतरंजीवर एक काडतूस टपकन पडलं. शेजारी त्यांचा नातू पाटी घेऊन बसलेला. मॅगझिन काढलं तरी नळीत चढलेलं काडतूस तिथंच राहतं. आधी मॅगझिन काढायचं, मग वरचा भाग ओढून नळीत डोळ्यानं पाहायचं, बोटानं चाचपायचं. दुसऱ्याच्या शब्दावर हे काम सोडू नये. आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही.

पुढं मी वापरलेलंच, पण बत्तीस बोअरचं घेतलं. घेण्याआधी मॅगझिन नीट बसतं का, नळी आतून गंजलीय का आणि पिस्तुलावरचा क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते दिवसाच्या उजेडात पाहिलं. ४५ दिवस थांबलो, मग परवान्यावर नोंद करून घेतली. घरात ते कुलपात असतं, काडतुसं वेगळ्या कपाटात. निवडणूक लागली आणि ठाण्यातून निरोप आला, की जमा करून येतो. त्याची पावती परवान्यातच ठेवतो.