दोन नोंदींचा मेळ : हिशेबयंत्रणा आणि अंतर्गत नियंत्रण यांविषयीचे सहा गैरसमज

हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील गोरेगावासारख्या गावात, जेथे सोयाबीन, तूर, हरभरा आणि हळद यांच्या हंगामावर वर्षाचा सारा व्यवहार अवलंबून असतो, तेथे मालाचा पैसा शेतकऱ्याच्या हाती येण्यापूर्वी काट्यावरून, गोदामातून, आडत्याच्या वहीतून, सेवा सहकारी संस्थेच्या दप्तरातून आणि बँकेच्या खात्यातून फिरून येतो. आणि या प्रत्येक टप्प्यावर कोणी ना कोणी त्याची नोंद करीत असतो. या नोंदी, त्या ठेवण्याची रीत, त्या ठेवणारी माणसे आणि अलीकडे त्यांच्या साहाय्यास आलेला संगणक मिळून जी व्यवस्था सिद्ध होते ती लेखा-माहिती प्रणाली. आणि त्या नोंदी खऱ्या राहाव्यात, मालमत्ता सुरक्षित राहावी व प्रत्येक व्यवहार योग्य अधिकाऱ्याच्या मंजुरीनेच व्हावा म्हणून जी बंधने संस्था स्वतःवर घालून घेते ते अंतर्गत नियंत्रण. विषय वरकरणी रूक्ष आहे खरा. परंतु त्याविषयीच्या अज्ञानाचा भुर्दंड अखेर ज्याची ठेव बुडते आणि ज्याच्या मालाचे दाम अडकते त्या सामान्य माणसालाच बसतो, म्हणून त्याभोवतीचे प्रमुख गैरसमज एकेक करून तपासणे अगत्याचे आहे.

गैरसमज १ : ही मोठ्या कंपन्यांची चैन आहे, गावच्या धंद्याला तिचे काय प्रयोजन?

वस्तुस्थिती : जेथे मालाला नैसर्गिक तूट येते तेथे धंदा लहान असो की मोठा, नियंत्रणाची निकड सारखीच असते. समजा, १०० क्विंटल सोयाबीन १४ टक्के ओलाव्याने गोदामात आले आणि विक्रीच्या वेळी ते वाळून १२ टक्क्यांवर उतरले. एकही दाणा चोरीस न जाता वजन ९७ क्विंटल ७३ किलो भरेल, कारण ८६ क्विंटल कोरडा अंश तेवढाच राहून केवळ पाणी उडालेले असते. म्हणजे २ क्विंटल २७ किलोंची तूट न्याय्य आहे. परंतु आवकेच्या दिवशी ओलावा नोंदलेलाच नसेल, तर चार क्विंटलांची तूटही ‘माल वाळला’ या एका वाक्यात खपून जाते. काटापट्टीवर वजनाच्या शेजारी ओलाव्याचा आकडा लिहिणे हे अंतर्गत नियंत्रणच होय, आणि त्याला खर्च जवळजवळ काहीच नाही. कायद्याचीही दृष्टी अशीच आहे. २००२ च्या दुरुस्तीने कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद झाली, तेव्हाच अशा प्रत्येक कंपनीने सनदी लेखापालाकडून अंतर्गत लेखापरीक्षण करवून घ्यावे असे बंधन घालण्यात आले. २०१३ च्या कायद्यातही ते कलम ३७८ झेडएफ म्हणून कायम आहे. शेतकऱ्यांची कंपनी आकाराने लहान म्हणून तिला त्यातून मोकळीक मिळालेली नाही.

गैरसमज २ : संगणक आला म्हणजे हिशेब आपोआप बिनचूक झाला.

वस्तुस्थिती : संगणक बेरीज चुकत नाही, परंतु पोते खरोखर गोदामात आले की नाही, हे त्याला दिसत नाही. २९ जून २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने देशातील ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास २,५१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. हे पाऊल निःसंशय हितकारक आहे, कारण विखुरलेली दप्तरे त्यामुळे एका रीतीने लिहिली जातील. मात्र यंत्रावर सर्वस्वी विसंबून राहिल्यास काय होते, हे ज्यांच्यापाशी यंत्रांची मुळीच वाण नव्हती अशा बँकांनीच दाखवून दिले आहे. मुंबईच्या ब्रॅडी हाऊस येथील पंजाब नॅशनल बँकेच्या शाखेतून परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्ट यंत्रणेद्वारा जात राहिले, आणि त्यांची नोंद बँकेच्या मूळ हिशेबप्रणालीत होतच नव्हती. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी ही गोष्ट जाहीर झाली तेव्हा रक्कम ११ हजार कोटींच्या वर होती व पुढे ती १३ हजार कोटींच्याही पलीकडे गेली. त्याच वर्षी ११ व १३ ऑगस्टला पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर जो सायबर हल्ला झाला त्यात हल्लेखोरांनी बनावट स्विच उभा करून एटीएमची विचारणा बँकेच्या प्रणालीपर्यंत पोहोचूच दिली नाही, स्वतःच परस्पर होकार देत राहिले, आणि २८ देशांतील यंत्रांतून पैसे काढले गेले. एकूण हानी ९४ कोटींची झाली. एका ठिकाणी घरचा भेदी होता, दुसऱ्या ठिकाणी बाहेरचा दरोडेखोर. परंतु जेथे दोन स्वतंत्र नोंदींचा मेळ बसायला हवा होता तेथे तो पाहिलाच गेला नाही, हे वैगुण्य दोहोंकडे समान होते.

गैरसमज ३ : माणूस विश्वासू असला की नियंत्रण नको, नियंत्रण घालणे म्हणजे अविश्वास दाखवणे.

वस्तुस्थिती : नियंत्रणाचे मूलतत्त्व असे की, व्यवहाराला मंजुरी देणारा, माल वा रोकड प्रत्यक्ष सांभाळणारा आणि त्याची नोंद करणारा या तीन व्यक्ती शक्यतो भिन्न असाव्यात, आणि त्या नोंदीची रुजवात घेणारा या तिघांवर अवलंबून नसावा. वर सांगितलेल्या पंजाब नॅशनल बँकेच्या प्रकरणात एकच अधिकारी अनेक वर्षे त्याच विभागात राहिल्याचे तपासात पुढे आले. त्याची वेळेवर बदली झाली असती तर नवागताच्या नजरेस पहिल्याच महिन्यात काहीतरी खटकले असते. म्हणूनच कर्मचाऱ्याला दरवर्षी सलग काही दिवसांची सक्तीची रजा देऊन त्या काळात त्याचे काम दुसऱ्याने पाहावे, असा दंडक बँकांत आहे. जेथे दुकानात मालक, मुनीम आणि हमाल एवढीच माणसे आहेत तेथे ही वाटणी पूर्णपणे साधत नाही हे कबूल; पण तेथेही बँकेचा खातेउतारा मुनिमाच्या हातून न घेता मालकाने स्वतः पाहावा, रोजमेळाची शिल्लक व गल्ल्यातील रोकड अवचित ताडून पाहावी आणि कोरे धनादेश सही करून ठेवू नयेत, एवढे तर निश्चितच करता येते. याचा सर्वांत मोठा लाभ प्रामाणिक माणसालाच होतो. रकमेत घट आली आणि किल्ली, वही व शिक्का ही तिन्ही एकाच्याच ताब्यात असली, तर निर्दोष असूनही तो संशयातून सुटू शकत नाही. जबाबदाऱ्या विभागलेल्या असल्या तर दप्तरच त्याच्या बाजूने साक्ष देते.

गैरसमज ४ : लेखापरीक्षण झाले, शेरा चांगला मिळाला, आता चिंतेचे कारण नाही.

वस्तुस्थिती : महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ नुसार संस्थेचे लेखापरीक्षण दरवर्षी होणे आवश्यक आहे, परंतु लेखापरीक्षक वर्ष संपल्यावर येतो आणि निवडक नोंदी तपासून मत देतो. अफरातफर रोखण्याची व हुडकण्याची प्राथमिक जबाबदारी व्यवस्थापनाची आहे, असे भारतीय सनदी लेखापाल संस्थेचे मानक क्रमांक २४० स्पष्टपणे सांगते. जगभरातील अफरातफरींचा अभ्यास करणाऱ्या प्रमाणित परीक्षकांच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालात ४३ टक्के प्रकरणे कोणीतरी दिलेल्या खबरेमुळे उघडकीस आली. बाह्य लेखापरीक्षणाने उघड झालेली अवघी ३ टक्के. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचेही लेखापरीक्षण होतच होते. तरीही २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले, तेव्हा असे बाहेर आले की एका बांधकाम उद्योगसमूहाशी निगडित ४४ कर्जखाती झाकण्याकरिता २१,०४९ बनावट खात्यांचा तपशील नियामकापुढे मांडण्यात आला होता. आणि पोलिसांतील फिर्यादीनुसार ही खाती बँकेच्या स्वतःच्या संगणकप्रणालीत नव्हतीच. यादी आणि प्रणाली शेजारी शेजारी ठेवून पाहिली असती तर ठेवीदारांना स्वतःच्याच पैशासाठी बँकेच्या दारात तिष्ठावे लागले नसते.

गैरसमज ५ : चुकीची नोंद पुसून नवी लिहिली की दप्तर स्वच्छ राहते.

वस्तुस्थिती : जुना मुनीम चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ मारी, योग्य आकडा वर लिही आणि शेजारी आद्याक्षरी करी, कारण चूक कोणी, केव्हा व का दुरुस्त केली हे पुढे वाचता येणे हा हिशेबाचाच भाग आहे, हे तो जाणून होता. तीच शिस्त आता संगणकालाही लावण्यात आली आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांनी वापरावयाच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा दिनांकासह माग राहिला पाहिजे, आणि ती सोय बंद करता येता कामा नये, असा नियम असून तो पाळला गेला की नाही हे लेखापरीक्षकाने आपल्या अहवालात नमूद करावयाचे असते. शेतकरी उत्पादक कंपनीही त्यातून वगळलेली नाही. कागदी पावतीपुस्तकाचा न्याय हाच. पावत्या छापील अनुक्रमांकाच्या असाव्यात, रद्द झालेली पावती फाडून न टाकता सर्व प्रतींसह पुस्तकातच ठेवावी, आणि पुस्तके कोणास, किती व केव्हा दिली याची नोंद पावती फाडणाऱ्याखेरीज दुसऱ्याकडे असावी. अनुक्रमात पडलेला खंड हा चौकशीस पुरेसे कारण समजावा.

गैरसमज ६ : एवढी नियंत्रणे असली म्हणजे अफरातफर अशक्य.

वस्तुस्थिती : अमेरिकेतील कोसो समितीने १९९२ मध्ये मांडलेली व २०१३ मध्ये सुधारलेली चौकट आज सर्वत्र आधारभूत मानली जाते. नियंत्रणाचे वातावरण, जोखमीचे मूल्यमापन, प्रत्यक्ष नियंत्रणकार्ये, माहिती व तिचे दळणवळण, आणि सततची देखरेख ही तिची पाच अंगे. त्या चौकटीतच असे निःसंदिग्धपणे म्हटलेले आहे की नियंत्रण वाजवी हमी देते, संपूर्ण नव्हे. ज्या दोघांनी परस्परांवर लक्ष ठेवावयाचे तेच संगनमत करतील, किंवा ज्यांनी नियम घालून दिले ते वरिष्ठच नियम बाजूस सारून ‘एवढे करून टाका’ असा तोंडी हुकूम देतील, तर उत्तमातील उत्तम यंत्रणा निकामी ठरते. यासाठीच पाच अंगांत पहिले स्थान वातावरणाला दिलेले आहे. अध्यक्ष आणि व्यवस्थापक स्वतः मंजुरीशिवाय एक रुपयाही उचलीत नाहीत, हे जेथे कारकुनाला रोज दिसते तेथे उरलेले नियम पाळवून घेण्यास फारसे प्रयास पडत नाहीत. आणि जेथे ते दिसत नाही तेथे कितीही नियम लिहिले तरी ते फडताळातच राहतात.

यावरून ध्यानी येईल की या साऱ्या शास्त्राचा गाभा अगदी साधा आहे. जे घडले आणि जे लिहिले गेले यांचा मेळ, लिहिणाऱ्याहून वेगळ्या माणसाने, ठरावीक काळाने पाहत राहिले पाहिजे. हे पाहणे केवळ अधिकाऱ्यांचे काम आहे असेही नाही. सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ ने प्रत्येक सभासदाला संस्थेच्या कार्यालयात जाऊन शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफातोटा पत्रक, सभांची इतिवृत्ते आणि स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी विनामूल्य पाहण्याचा हक्क दिलेला आहे, आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर भरवणे संस्थेस बंधनकारक आहे. गोरेगावच्या, किंवा अन्य कोणत्याही गावच्या, सभासदाने त्या सभेस जाताना आपला खातेउतारा आणि आपल्यापाशी असलेल्या पावत्या बरोबर न्याव्यात, दोन्ही ताडून पाहावीत, आणि तीन प्रश्न शांतपणे विचारावेत : बँकेच्या शिल्लकेचा मेळ शेवटचा केव्हा घेतला? गोदामातील माल प्रत्यक्ष कोणी मोजला? आणि गेल्या लेखापरीक्षणातील दोषांची दुरुस्ती झाली काय? चांगल्या चाललेल्या संस्थेला या प्रश्नांची उत्तरे देण्यास काहीच अडचण पडत नाही; आणि जेथे ती अडचण पडेल तेथे सभासदांनी उत्तर मिळेपर्यंत, सभेच्या इतिवृत्तात नोंद होईल अशा रीतीने, तोच प्रश्न पुन्हा विचारीत राहावे.