विश्लेषण : आजोबांचे पिंक फ्लॉइड नातवाच्या मोबाइलवर... प्रोग्रेसिव्ह रॉक पिढ्या कसे ओलांडते?

वडगाव स्थानकातून लोणावळ्याकडे निघालेल्या लोकलला कान्हे, कामशेत, मळवली आणि लोणावळा अशी चारच स्थानके उरतात. गाडी सुटताना मोबाइलवर पिंक फ्लॉइडचे ‘एकोज’ लावले, तर मळवली आले तरी तेच एक गाणे सुरू असते. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे गाणे सुमारे साडेतेवीस मिनिटांचे आहे. अर्ध्या मिनिटाच्या रीलच्या काळात एवढे लांब आणि एवढे जुने गाणे कोण ऐकणार, असे कुणालाही वाटेल. तरीही आजी-आजोबांच्या तारुण्यातले हे संगीत विशीतली मुले ऐकतात, वाजवतात आणि त्यावर घरातल्या मोठ्यांशी वादही घालतात. हे कसे घडते आणि मोबाइलमुळे ते सोपे झाले की अवघड, याचा हा आढावा.

प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणजे काय?

१९६०च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमधील काही बँडनी तीन-चार मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडली. पाश्चात्त्य शास्त्रीय संगीत, जॅझ आणि लोकसंगीत यांची सांगड त्यांनी रॉकशी घातली. किंग क्रिम्सनचा १९६९ मधील पहिला अल्बम या प्रवाहातील महत्त्वाचा टप्पा मानला जातो. येस, जेनेसिस, जेथ्रो टल, इमर्सन लेक अँड पामर आणि पिंक फ्लॉइड ही त्यातील ठळक नावे. लांब वाद्यवादन, एकाच गाण्यात बदलत जाणारे ताल आणि अल्बमभर चालणारा एक विषय ही त्याची ओळख. पिंक फ्लॉइडचा १९७३ मधील ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत एकूण ७०० हून अधिक आठवडे राहिला.

गाणी एवढी लांब का?

याचे एक कारण तबकडीत आहे. मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेणाऱ्या एलपीच्या एका बाजूवर चांगल्या दर्जाचा सुमारे २० ते २२ मिनिटांचा आवाज मावतो. वेळ वाढवला तर खाचा जवळजवळ येतात आणि आवाज क्षीण होतो. त्यामुळे ‘एक बाजू म्हणजे एक रचना’ ही कल्पना या बँडना सुचली. येसचे ‘क्लोज टू द एज’ (१९७२) हे १८ मिनिटांहून मोठे गाणे एलपीची एक पूर्ण बाजू व्यापते. जेथ्रो टलने त्याच वर्षी ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’मध्ये जवळपास ४४ मिनिटांची एकच रचना दोन्ही बाजूंवर पसरवली. ती ऐकताना मध्येच उठून तबकडी उलटावी लागे. खोलीत चार जण बसले असतील, तर चौघांनाही तेवढा वेळ थांबणे भाग असे.

मराठी कानाला ते परके का वाटत नाही?

विलंबित ख्यालासाठी अर्धा तास बसणाऱ्या श्रोत्याला लांबीची भीती वाटत नाही. राग उलगडायला वेळ लागतो, हे त्याला माहीत असते. तालाचेही तसेच. पाश्चात्त्य लोकप्रिय गाणी बहुतांशी चार मात्रांच्या हिशेबात चालतात. पिंक फ्लॉइडच्या ‘मनी’ या गाण्याचा मोठा भाग मात्र सात मात्रांचा आहे. गिटारचा एकल भाग आला की ते चार मात्रांवर येते. तबला शिकलेल्या घरात सात म्हटले की रूपक आठवतो : तीन-दोन-दोन. जेथ्रो टलचे ‘लिव्हिंग इन द पास्ट’ (१९६९) पाच मात्रांत चालते. त्याच्या दोन आवर्तनांत झपतालाच्या दहा मात्रा बसतात.

हे साम्य मोजणीपुरतेच आहे. रूपकाची सम खालीवर येते, त्याला बोल आहेत, ठेक्याची स्वतःची चाल आहे. यातले काही ‘मनी’मध्ये नाही. पण रॉक म्हणजे नुसता गोंगाट, असे मानणारे आजोबा नातवाच्या गाण्यावर बोटांच्या पेरांवर सात मोजू लागतात, तेव्हा दोघांना बोलायला एक समान विषय मिळतो.

महाराष्ट्रात हे संगीत कसे रुजले?

सुरुवातीला परदेशातून आणलेल्या मोजक्या एलपी, पुढे कॅसेट आणि मित्राकडून भरून घेतलेल्या कॅसेट, असा त्याचा प्रवास झाला. एका कॅसेटवरून दुसरी आणि दुसरीवरून तिसरी भरताना आवाज दर वेळी थोडा मळत असे; तरी ती हातोहात फिरे. मुंबईत काळा घोडा येथील ऱ्हिदम हाऊस हे संगीतप्रेमींचे हक्काचे दुकान होते. ते २०१६ मध्ये बंद झाले. मुंबईतच १९८४ मध्ये रॉक मशीन हा बँड उभा राहिला. पुढे इंडस क्रीड नावाने तो ओळखला गेला. १९८६ पासून मुंबईत ‘इंडिपेन्डन्स रॉक’ महोत्सव सुरू झाला आणि स्थानिक बँडना हक्काचा मंच मिळाला.

मूळ कलाकारांना प्रत्यक्ष ऐकण्याची संधी मात्र उशिराच आली. जेथ्रो टल १९९४ मध्ये मुंबईत आले. पिंक फ्लॉइडचे रॉजर वॉटर्स यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये मुंबईत ‘द डार्क साइड ऑफ द मून’ सादर केला. अल्बम निघाला तेव्हा कॉलेजात असलेली मंडळी तोवर पन्नाशी ओलांडून गेली होती. पुढच्या पिढीच्या वाट्याला पॉर्क्युपाइन ट्री आला. हा ब्रिटिश बँड डिसेंबर २००९ मध्ये आयआयटी मुंबईच्या ‘मूड इंडिगो’त वाजला. त्याचे प्रमुख स्टीव्हन विल्सन २०१६ मध्ये पुण्याच्या ‘एनएच ७ वीकेंडर’मध्ये आले. वडगाव-तळेगावकरांसाठी ही मैफल तासा-दीड तासाच्या अंतरावर होती.

या साऱ्यांत २००८ ची एक घटना वेगळी आहे. पं. रविशंकर यांच्या कन्या, सतारवादक अनुष्का शंकर आणि जेथ्रो टल यांचा एकत्र कार्यक्रम २९ नोव्हेंबरला मुंबईत ठरला होता. २६ नोव्हेंबरच्या दहशतवादी हल्ल्यामुळे तो पुढे ढकलावा लागला. त्यानंतर ५ डिसेंबरला तो ‘अ बिलियन हँड्स’ या नावाने, हल्ल्यातील पीडितांच्या मदतीसाठी सादर झाला.

आई-वडिलांची गाणी मुलांना का भावतात?

या प्रश्नावर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कॅरोल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहकारी जस्टिन झुपनिक यांचे २०१३ मधील संशोधन प्रसिद्ध आहे. त्यांनी विशीतील ६२ विद्यार्थ्यांना १९५५ ते २००९ या काळातील, प्रत्येक वर्षीची दोन सर्वाधिक लोकप्रिय गाणी ऐकवली. गाणे ओळखीचे आहे का, आवडले का, त्याच्याशी काही आठवण जोडली आहे का, हे विचारले.

माणसाच्या स्मरणात त्याच्या तरुणपणीची गाणी सर्वाधिक ठसतात, हे आधीपासून माहीत होते. या अभ्यासात विद्यार्थ्यांच्या जन्माआधीच्या, म्हणजे १९८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या गाण्यांनाही तसाच उठाव मिळाला. त्या वेळी त्यांचे आई-वडील तरुण होते. आणखी मागे, १९६०च्या दशकाजवळही एक लहान उठाव दिसला. तो आजी-आजोबांच्या प्रभावाचा असू शकतो, किंवा त्या काळच्या संगीताच्या गुणांचाही, असे संशोधकांनी सुचवले.

त्यातून निघणारा अर्थ साधा आहे. मुले घरात जे कानावर पडते ते साठवतात. त्यासाठी त्यांना समोर बसवून शिकवावे लागत नाही. मावळातल्या गावोगावच्या हरिनाम सप्ताहात आजोबांच्या शेजारी टाळ घेऊन बसलेला नातू भजनी ठेका असाच उचलतो. हात आधी शिकतो, ठेक्याचे नाव त्याला नंतर कळते.

वारसा एकाच दिशेने जातो का?

नाही. जेनेसिसचे फिल कॉलिन्स एकेकाळी ड्रमवादनासाठी नावाजलेले. प्रकृतीमुळे त्यांना ड्रम वाजवणे शक्य राहिले नाही. २०२१-२२ मधील अखेरच्या दौऱ्यात ते खुर्चीत बसून गायले आणि मागे ड्रमवर त्यांचा विशीतला मुलगा निक होता. मार्च २०२२ मध्ये लंडनला या दौऱ्याची सांगता झाली. येस बँडमध्येही २००८ मध्ये कीबोर्डवर वडील रिक वेकमन यांच्या जागी मुलगा ऑलिव्हर आला होता.

महाराष्ट्रात उलटा प्रवासही दिसतो. ‘अभंग रिपोस्ट’सारखा तरुणांचा बँड संतांचे अभंग गिटार, बेस आणि ड्रमच्या साथीने गातो. तिथे नातवंडांच्या संगीतात आजी-आजोबांना आपले शब्द ओळखीचे लागतात. संत संताजी जगनाडे महाराजांची समाधी मावळातल्याच सुदुंबरे येथे आहे. तुकोबांचे अभंग लिहून जपणारे म्हणून परंपरा त्यांना मानते. एकाने ऐकायचे आणि दुसऱ्यासाठी जपून ठेवायचे, ही रीत या भागाला नवी नाही.

मोबाइलने काय दिले आणि काय नेले?

पूर्वी ज्या एलपीसाठी महिनोन्महिने वाट पाहावी लागे, ती आज वडगावच्या फलाटावर काही सेकंदांत ऐकता येते. हा मोठा फायदा. पण घरातली एक टेप गेली आणि चार मोबाइल आले. प्रत्येकाच्या कानात वेगळे इअरफोन, प्रत्येकाच्या अ‍ॅपमध्ये वेगळी यादी. अ‍ॅप ज्याला-त्याला त्याच्या आवडीचेच आणखी सुचवत राहते. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीतले गाणे नकळत कानावर पडण्याची शक्यता त्यामुळे कमी झाली. वर सांगितलेल्या संशोधनाचा रोख पाहिला, तर खरी अडचण इथे आहे. गाणी उपलब्ध आहेत, पण ती घरात ‘पडून ऐकू येणे’ थांबत चालले आहे.

जुन्या कॅसेटचे काय करावे?

लोणावळा-खंडाळा हा राज्यातील अतिपावसाचा पट्टा. मावळातल्या दमट हवेत कॅसेटच्या फितीला आणि एलपीच्या वेष्टनाला बुरशी लागते. कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे ठिपके किंवा भुकटी दिसली, तर ती टेपमध्ये घालू नये. बुरशी यंत्राला लागून दुसऱ्या कॅसेटपर्यंत पोहोचू शकते. चांगल्या कॅसेट पूर्ण गुंडाळून, उभ्या, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवाव्यात. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. एलपी एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात.

कॅसेट संगणकावर उतरवताना साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात. त्यामुळे आधी काय उतरवायचे हे ठरवावे. पिंक फ्लॉइड इंटरनेटवर मिळते. आजोबांनी मित्राच्या आवाजात भरलेली प्रस्तावना, मध्येच आलेली आजीची हाक किंवा घरातल्या बारशाचे रेकॉर्डिंग कुठेच मिळणार नाही. ते सर्वात आधी उतरवावे.

एकत्र ऐकण्याची सुरुवात कशी करावी?

अनेक घरांत पहिला प्रयत्न फसतो, कारण सुरुवातच ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ने (१९७५) होते. त्यात पहिला शब्द ऐकू यायला आठ मिनिटांहून अधिक काळ जातो. “आबा, गाणं कधी सुरू होणार?” हा नातवाचा प्रश्न मग ठरलेला. नवख्यासाठी ‘मनी’ किंवा ‘लिव्हिंग इन द पास्ट’ बरे. लांब रचना नंतर.

त्याशिवाय काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. इअरफोनऐवजी एक स्पीकर लावावा. अल्बम क्रमाने ऐकावा. अ‍ॅपमधील ‘शफल’ बंद करावे. ‘डार्क साइड’मधील बरीच गाणी एकमेकांत मिसळत जातात, म्हणून ‘गॅपलेस’ पर्याय असल्यास सुरू ठेवावा. आठवड्यातून एकदा, एक अल्बम मोठ्यांच्या पसंतीचा आणि पुढच्या वेळी एक लहानांच्या पसंतीचा, असे ठरवले तर ‘आमच्या वेळचे संगीत’ हे व्याख्यान आपोआप आवरते. नातवाने आणलेले नवे मेटल किंवा हिप-हॉप आजोबांनी शेवटपर्यंत ऐकणे, हाही या व्यवहाराचा भाग आहे.

१९७३ मध्ये विशीत असलेली पिढी आज सत्तरीत आहे. अल्बम कंपन्यांकडे सुरक्षित आहेत. मात्र तो अल्बम पहिल्यांदा कुणाच्या घरी ऐकला, कॅसेटसाठी पैसे कसे जमवले, कोणत्या ओळीला कोण रडले, हे फक्त त्या माणसांकडे आहे. ते विचारायला तबकडीच्या एका बाजूएवढा, वीस-बावीस मिनिटांचा वेळ पुरतो.